मिरची तिखट लागली

साल दोन हजार पाच. कापसाला भाव नव्हता, म्हणून दारव्ह्याकडच्या त्या गावात घरोघरी कापूस आढ्यापर्यंत भरून ठेवलेला आणि माणसं त्याच्यावरच निजायची. बळीरामच्या घरी त्याच्या पोरी, ममता आणि धाकटी दीपा, तशाच निजत. कापसानं अंगाला खाज सुटायची, तिचं कोणाला काही वाटेनासं झालं होतं.

एका सकाळी दीपा पोटरी खाजवत उठली. "ताई, मले काई चावलं काय वं?"

दोन बारीक ठिपके होते. तेवढ्यात ढिगाच्या कडेला पांढऱ्या पट्ट्यांची काळी शेपटी दिसली आणि आत गेली.

दारासमोर कय्युमची जीप बाजाराच्या सवाऱ्या भरून उभी होती. "भाभी, पोरीले टाकू का गाडीत? जल्दी सांगा!"

"थांबा भाऊ, आधी मिरची देऊन पाहू," पोरींची माय रुखमाबाई म्हणाली.

गावची रीतच ती. मिरची तिखट लागली की विष चढलं नाही. ममता बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होती. परसातली मिरची तिनंच तोडून आणली.

दीपानं चावली आणि नाचायलाच लागली. "मेली वं माय! पानी दे!"

"आता काय होत नाही इले," कय्युम हसत म्हणाला आणि निघून गेला. सगळेच हसले. ममताही.

तासाभरानं दीपाच्या पापण्या जड झाल्या. "ताई, तू दोन-दोन दिसून राह्यली."

कॉलेजच्या वहीतली आकृती ममतानंच रंगवली होती: पेशीच्या पटलातली प्रथिनांची दारं, आयन चॅनल. तिखट कळतं ते जिभेवरच्या एका दारातून. तसल्या पट्ट्यांच्या मण्यारीचं विष अडवतं ते स्नायूंचं दार. एक उघडं असलं म्हणून दुसरं उघडं असतं असं नाही. हे सगळं तिला पाठ होतं.

गावात दुसरी गाडी नव्हती; जीप परतली तेव्हा दुपार झाली होती. दारव्ह्याच्या दवाखान्याच्या वाटेत ममतानं विचारलं, "तोंड जळते का अजून?" दीपाला मान हलवता आली नाही. दारव्हा येईपर्यंत ती राहिली नाही.

कय्युमनं जीप विकली. बळीरामनं मिळेल त्या भावात कापूस काढून टाकला आणि दोन वर्षांनी गेला. रुखमाबाई अजून आहे, बिनतिखटाचं जेवते. त्या मार्चच्या बीएस्सीच्या पेपरात आयन चॅनलचाच प्रश्न आला. ममतानं आकृतीसकट उत्तर लिहिलं, पैकीच्या पैकी गुण मिळाले. पुढं तिनं पुस्तक उघडलं नाही. तिला फुलसावंगीला दिली. तिथंही कोणाला साप चावला की कोणीतरी मिरची आणतं. ममता धावत जाऊन ती हिसकावते. बाया तिला धरून बाजूला बसवतात, आणि मिरची दुसरी आणतात.