बारावा फ्रॉक

"सही नाय करनार," गुणाबाई म्हणाली आणि टेबलावरचं पेन उचलून तिने पुन्हा समोरच्या बाईंच्या पुढ्यात ठेवलं. "ह्ये तुमचं पेन घ्या."

हेतल मॅडमनी डोळे मिटून एक लांब श्वास घेतला. पनवेलच्या या कचेरीत बालसंगोपनाच्या कामावर येऊन त्यांना जेमतेम चार महिने झाले होते, आणि त्यांतले तीन या म्हातारीने खाल्ले असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

"आजी, समजून घ्या ना. मूल दोन वर्षं तुमच्या घरी नाहीये, मग संगोपन कसलं? ही फक्त फॉर्मॅलिटी आहे. फाइल क्लोज झाली म्हणजे शोध बंद झाला असं नाही."

"शोध कोन करतंय?"

"पोलीस."

"आन् पोलिसांना दर सोमवारी जाऊन इचारतंय कोन?"

विचारत होती ती गुणाबाईच. पाच वर्षांच्या मनस्वीला आईबाप नव्हते. एका संस्थेने ती गुणाबाईच्या घरी संगोपनाला दिली आणि सात महिन्यांत ती हरवली. पोलीस ठाण्यात गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असायचा, तुम्ही तिच्या कोण? मग गुणाबाई पिशवीतून बालकल्याण समितीचा कागद काढायची. त्यावर शिक्का होता, पोरीचा फोटो होता आणि 'प्रतिपालक' म्हणून तिचं नाव होतं. त्या कागदाच्या जोरावर ठाण्यातलं कपाट उघडलं जायचं आणि फाइल निदान टेबलावर तरी यायची. ही सही झाली की तो कागद रद्दी होणार होता, आणि त्या पोरीबद्दल विचारायचा हक्क असलेलं एकही माणूस या जगात उरणार नव्हतं.

"तुम्ही सही नाही केली तरी समिती ऑर्डर काढेलच," मॅडम कागद आवरत म्हणाल्या. "आणि स्पष्ट बोलू का? ज्यांच्याकडून मूल हरवतं ना, त्यांनी इतका आवाज चढवू नये."

हे वाक्य गुणाबाईने दोन वर्षांत शंभर तोंडांतून ऐकलं होतं. सरकारी टेबलामागून मात्र ते पहिल्यांदाच आलं. ती उठली, पिशवी काखोटीला मारली आणि पायऱ्या उतरली.

रिक्षा गावाच्या रस्त्याला लागली. पुढे न्हावा शेवा बंदराच्या कंटेनरची रांग, मागेही तीच. याच रस्त्यावरून आपल्या पोरीला कोणी नेलं असेल का, हा विचार गुणाबाईला तिथे रोज यायचा आणि रोज तिला तितकाच राग यायचा. राग कोणाचा, हे ठरवायचं तिने सोडून दिलं होतं. जो समोर येईल त्याचा.

गावही तिच्यावर काही माया उधळत नव्हतं. एकेकाळी मात्र आगरी लग्न म्हटलं की गुणाबाईच्या दाराशी आधी नारळ यायचा. ती धवलारीण. धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी म्हणायची, देवांना आणि घरच्यांना एकेक करून नावाने मांडवात बोलवायचं, हा तिचा मान. भटजी तिच्यानंतर. ती डोळे मिटून बसायची आणि एकदा धवला सुरू झाला की मध्ये उठायची नाही. मध्ये तुटलेला धवला नवरीला बाधतो, असं तिच्या सासूने तिला शिकवलं होतं आणि तिने तेच सगळ्या गावाला शिकवलं होतं. आता तिला कोणी नारळ देत नव्हतं. पोर विकली म्हणणारे होते, पोर मारून खाडीत टाकली म्हणणारेही होते. तिच्या मुलाने, कल्पेशने, जागेत वाटा नको म्हणून आईला पोर घालवायला लावली, असंही एक जण चहाच्या टपरीवर बोलून गेला होता. बोलणाऱ्याचं काय जातं!

ती पोर तरी कुठे गोडगोजिरी होती? चावायची. भाकरीचे तुकडे उशीखाली लपवून ठेवायची. गुणाबाईला तिने कधी आई म्हटलं नाही की आजी म्हटलं नाही. शेजारच्या म्हाताऱ्या हाक मारतात ते ऐकून सरळ म्हणायची, "ए गुणा!" नवरा गेल्यावर त्या नावाने घरात हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. गुणाबाई वरवर डोळे वटारायची आणि आतून सुखावायची.

मग काशिरामच्या, म्हणजे तिच्या धाकट्या दिराच्या मुलीचं लग्न निघालं. हळदीला घरच्या सगळ्या पोरींना एकसारखे कपडे घ्यायची हल्ली टूमच आहे. कुटुंबात पोरी अकरा. दिराच्या बायकोने, सत्यवतीने, अकरा पिवळे फ्रॉक सांगितले.

"बारा सांग," गुणाबाई म्हणाली.

"ती काय आपल्या घरची हाय?"

"बारावा फ्रॉक आला नाय तं धवल्याला दुसरी बघ."

अशी धमकी गुणाबाईने जन्मात कोणाला दिली नव्हती. बारावा फ्रॉक आला. हळदीच्या दिवशी जेवणं उरकल्यावर तिने तो स्वतःच्या हाताने पोरीला घातला, पाठीमागचा बंद बांधला. मनस्वीने कपाटाच्या आरशात स्वतःला पाहिलं, मग अंगणातल्या पोरींकडे पाहिलं आणि विचारलं, "गुणा, आता मी त्यांच्यासारखी ना?"

"डिट्टो," गुणाबाई म्हणाली. तेव्हा तीन वाजले होते.

रात्रीच्या डीजेला अजून वेळ होता. जुन्या रीतीप्रमाणे दुपारी धवले सुरू झाले. साडेपाचच्या सुमाराला घरच्या पोरींची नावं घ्यायची पाळी आली. नाव घेतलं की त्या पोरीने पुढे यायचं, नवरीला हळद लावायची. अकरा नावांनंतर गुणाबाईने बारावं नाव घेतलं, जरा जोरातच घेतलं, सत्यवतीला ऐकू जावं म्हणून. डोळे किलकिले करून पाहिलं तर पाठमोरा पिवळा फ्रॉक आणि हळदीने माखलेला छोटा हात. तिचा ऊर भरून आला.

धवला संपला तेव्हा पोर नव्हती. ज्याला त्याला वाटत होतं की ती तिथेच आहे, कारण जिकडे बघावं तिकडे पिवळा फ्रॉक दिसत होता. पोलिसांना गुणाबाईने छातीठोक सांगितलं, साडेपाचला मी तिचं नाव घेतलं, ती आली, हळद लावून गेली. पोलिसांनी हायवेच्या दुकानाचा कॅमेरा साडेपाचपासून पुढे तपासला. रेल्वे स्टेशनचाही तसाच. काही सापडलं नाही.

गुणाबाई कचेरीतून घरी पोचली तर ओसरीवर खोकं फोडलेलं. काशिरामच्या धाकट्याचं लग्न पुढच्या आठवड्यात होतं आणि पोरींचे फ्रॉक आले होते. रंग पुन्हा पिवळाच. सून विनिता आपल्या आठ वर्षांच्या रियाला फ्रॉक घालून बघत होती आणि रिया पाय आपटत होती.

"मला हा नको! मागच्या टायमाला मम्मीने मला दोनदा पाठवलं. एकदा माझ्या नावाला आन् एकदा मनूच्या."

विनिताचा हात बंदावरच थांबला.

"काय म्हनलीस?" गुणाबाईने पिशवी खाली ठेवली. "परत सांग."

"मनूचं नाव आलं तर मम्मी म्हनाली, तू जा. मग सगळ्या पोरी मला हसल्या."

"आन् मनू कुठं होती?"

"मनू नव्हतीच. जेवल्यावर नव्हतीच ती."

गुणाबाई सुनेकडे वळली. विनिताने पोरीला आत पिटाळलं आणि पदर तोंडाशी धरला.

"धवला तुटला असता, आई. तुमी नाव घेतलं आन् कोनी उठंना. समद्या बायका माझ्याकडं बघाय लागल्या. तुमीच सांगता ना, नाव घेतलं की हात लागलाच पायजे? मना वाटलं पोर कुठं खेलत असंल, येईल."

"आन् मंग?"

"मंग पोलीस आले. तुमी त्यांना सांगून मोकल्या झालात का ती आली होती. सासू खोटं बोलते म्हनून मी कशी सांगू? ह्यांना सांगितलं तं हे म्हनाले, तोंड उघडू नको."

कल्पेश दारातच उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. "झालं ते झालं, आये. दोन वर्सं झाली. आता उकरून काय मिलनार हाय?"

"अडीच तास," गुणाबाई म्हणाली. "तीनला फ्रॉक घातला मी तिला. साडेपाचपासनं शोधलं समद्यांनी. अडीच तास कोनी बघितलंच नाय."

अडीच तासांत पनवेल स्टेशनातून गाडी कुठल्या कुठे जाते. कोकणात उतरते, गुजरातची वाट धरते. आणि इथे ती डोळे मिटून नावं घेत बसली होती! गुणाबाईने पिशवी उचलली.

"कुठं चाललीस? परक्या पोरीपायी माझ्या बायकोला आत घालतेस?"

"गप ऱ्हा."

"नाय ऱ्हानार! ती पोर आली तवापासनं ह्या घराची शोभा झालीय. आन् आता आमालाच..."

"पोर मी हरवली, कल्पेश. तुझ्या बायकोनं अडीच तास हरवले. मी माझं लिवून येते. तिचं तिनं बघावं."

तो रस्त्यात आडवा आला नाही, पण मागून शिव्या दिल्या. स्वतःच्या आईला. गुणाबाईने वळूनही पाहिलं नाही.

ठाण्यात नवा हवालदार होता, निनाद नावाचा. त्याने फाइल काढून तिचं म्हणणं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"आजी, फुटेज महिनाभरच राहतं. आता हे लिहून काय उपयोग?"

"उपेग नको. लिवा. तीननंतर पोर कोनी बघितली नाय. साडेपाचला आली ती मनस्वी नव्हती. मी खोटं सांगितलं व्हतं."

"मुद्दाम?"

"डोले मिटून."

त्याने कोरा कागद पुढे ओढला. "तुम्ही तिच्या कोण?"

गुणाबाईने पिशवीतून समितीचा कागद काढला. हवालदाराने तो उलटसुलट करून वाचला. इतक्या सोमवारांत तो पूर्ण वाचणारा हा पहिलाच.

"याची मुदत मार्चमध्येच संपलीये, आजी. हा नाही चालणार. नातं काय लिहू? आई?"

"आई नको. खोटं व्हईल."

"मग आजी लिहितो."

"ते बी नको. तिनं मना आजी म्हटलं नाय कदी."

"अहो, काहीतरी लिहावं लागेल ना?" हवालदार वैतागला. मागे अजून तिघं उभे होते.

सकाळी हेतल मॅडम बोलल्या ते तेव्हापासून तिच्या कानांत होतं. "लिवा," ती म्हणाली. "जिच्याकडून हरवली ती."

हवालदाराने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग ते तीन शब्द तसेच लिहिले.

"वाचून दाखवा," गुणाबाई म्हणाली. "मोठ्यानं."

तो वाचू लागला. तारीख, गाव, तीन वाजता, पिवळा फ्रॉक. मनस्वीचं नाव आलं तेव्हा गुणाबाईने डोळे उघडे ठेवले होते. नाव घेतलं गेलं आणि बाकड्यावरून, दारातून, रस्त्यावरून कोणी पुढे आलं नाही. ते तिने नीट पाहून घेतलं. मग पेन मागितलं आणि सही केली.