फोटोतला केक

आमच्या दुकानाच्या पाटीवर लिहिलंय, ‘थाटात जगा, कुणाचा जीव न घेता’. ही ओळ धाकटीची. धाकटी म्हणजे माझी बहीण. तिला असल्या ओळी चहा उकळेपर्यंत सुचतात. मला तेवढ्या वेळात सुचतं ते एवढंच, की पीठ संपत आलंय.

दुकान दोघींचं. पुढे चामडं नसलेले बूट आणि पर्सेस, चरबी नसलेले साबण, मेण नसलेल्या लिपस्टिक. मागे माझं स्वयंपाकघर. तिथे दूध, लोणी, अंडं, मध यांना उंबरठा ओलांडायची बंदी. धाकटी फोनवर एक पान चालवते. लोकरीशिवाय ऊब देणारा कोट कुठे मिळतो, व्हीगन राहूनही लग्नात झकास कसं दिसावं, पाहुण्यांपुढे काय मांडावं, असं सगळं ती फोटोंसकट सांगते. लोक ते वाचतात आणि मग आमच्याकडे येतात. म्हणजे दुकान चालतं ते तिच्या फोटोंवर. हे मी तिच्या तोंडावर कधी बोलत नाही, ती आधीच पुरेशी चढलेली आहे.

पण माझ्या केकना नटायची हौस नाही. नारळाचं क्रीम तिच्या दिव्यांखाली ठेवलं की पाघळायला लागतं, आणि फोटोत केक नुकताच रडून आल्यासारखा दिसतो. त्यावरून आमची नेहमी जुंपायची. त्या दिवशी सकाळी मात्र क्रीम कसं ताठ उभं राहिलं. एकेक पाकळी कोरल्यासारखी. मी दारातून पाहिलं आणि म्हटलं, “आज जमलं बाई तुला!” धाकटी काही बोलली नाही. मला तेव्हाच खटकायला हवं होतं. कौतुक ऐकून गप्प बसणाऱ्यांतली ती नव्हेच.

दुपारी मी पीठ आणायला गेले. गल्ल्यावर बाबा होते. जेवणानंतर दोन तास ते दुकान सांभाळतात, म्हणजे गिऱ्हाइकांशी गप्पा मारतात. परत आले तर फ्रिजमध्ये टेलरबाईंचा केक तसाच.

टेलरबाई आमच्या मागच्या रस्त्यावर कपडे शिवतात. आमचे ॲप्रन त्यांनीच शिवलेत. त्यांच्या लेकीला दूध चालत नाही. चालत नाही म्हणजे पोट बिघडतं असलं काही नाही. शाळेत कुणीतरी तिला अर्धं बिस्कीट दिलं होतं, तर घसा सुजून श्वास अडकला आणि दवाखान्यात न्यायची वेळ आली. पोरगी एका जागी ठरत नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणतात. तीच भिंगरी त्या दिवशी पलंगावर निळी पडून होती, हे बाईंनी मला पहिल्या भेटीतच सांगितलं होतं. सुरुवातीला त्या प्रत्येक वस्तूबद्दल खोदून खोदून विचारायच्या. मी वैतागायचे, पण उत्तर द्यायचे. हल्ली त्या विचारत नाहीत. पिशवीत घालतात आणि जातात.

आज भिंगरीचा वाढदिवस होता.

“बाबा, टेलरबाई आल्या नाहीत अजून?”

“येऊन गेल्या की मघाशी.”

“मग हा केक?”

“तो जरा एका अंगाला कललाय,” बाबा म्हणाले. “वाढदिवसाला असा काय द्यायचा पोरीला? खालच्या कप्प्यात तो दुसरा होता ना, सकाळचा, फोटोतला. तोच दिला. खूश झाल्या बाई.”

मी चिडलेच. सकाळी दिव्यांत राहिलेला, वाळका केक गिऱ्हाइकाला द्यायचा! तोंड उघडून बाबांना काही सुनावणार, एवढ्यात मागून धाकटीचा आवाज आला.

“ताई, कुठला केक दिला?”

ती दिव्यांचे स्टँड घडी करत होती. हातातला स्टँड तसाच अर्धवट. तोंडावरचा रंग उडालेला.

“फोटोतला. का?”

“ते क्रीम,” ती म्हणाली. “ते नारळाचं नव्हतं. कोपऱ्यावरच्या डेअरीतून आणलं होतं. ताई, फक्त फोटोपुरतं! संध्याकाळी टाकूनच देणार होते.”

बाबा म्हणाले, “म्हणजे?”

 मी टेलरबाईंना फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. मग फ्रिजमधला कललेला केक डब्यात घातला, तो धाकटीच्या हातात कोंबला आणि स्कूटरची किल्ली घेतली. केक का घेतला ते मला माहीत नाही. रिकाम्या हाताने जायची लाज वाटली असेल.

टेलरबाईंच्या दुकानाला कुलूप. शेजारचा न्हावी एकाच्या गालावर साबण फासत होता. “आज बंद,” तो म्हणाला. “घरी गेल्यात. मुलीचा वाढदिवस आहे ना.” घर कुठे? तर नव्या पुलापलीकडे, पाण्याच्या टाकीजवळची पिवळी इमारत, तिसरा मजला. हे सांगताना त्याने वस्तरा हवेत इतका फिरवला की खुर्चीतलं गिऱ्हाईक मागे सरकलं. एरवी मी हसले असते.

पुलावर गाड्या अडकलेल्या. धाकटी मागे बसून एका हाताने डबा सांभाळत फोन लावत होती. प्रत्येक वेळी “उचलत नाहीत” म्हणायची.

“मेसेज टाक.”

“टाकलाय. बघितला नाही.”

“परत टाक!”

“ताई, मी मुद्दाम नाही गं—”

“गप्प बस,” मी म्हटलं. “आत्ता एक शब्द बोललीस तर इथेच उतरवीन.”

 मी मनातल्या मनात तो केक कापत होते. पाहुणे आले असतील का? वाढदिवस संध्याकाळी करतात, एवढ्यात कोण कापतंय? पण लहान मुलांचा लवकर करतात. आधी मेणबत्त्या, मग गाणं, मग फोटो. फोटो काढण्यात वेळ जातो. काढू देत. खूप काढू देत. आयुष्यात पहिल्यांदा मी फोटो काढणाऱ्यांचे पाय धरायला तयार होते. पुढचा टेम्पो मात्र जागचा हलत नव्हता.

इमारतीत लिफ्ट होती, पण ती वरच अडकून बसली होती. आम्ही जिन्याने धावलो. दुसऱ्या मजल्यावर गाणं ऐकू आलं, पोरांचं, बेसूर, जोरात. माझ्या जिवात जरा जीव आला. गाणं चालू आहे म्हणजे अजून कापलेला नाही. तेवढ्यात गाणं संपलं आणि टाळ्या पडल्या.

मी बेल दाबली नाही, दार धडाधडा बडवलं. टोकदार कागदी टोपी घातलेला कुणी मामा दार उघडून “या, या” म्हणाला. मी त्याला बाजूला सारलं. खोली पोरांनी भरलेली. मधल्या टेबलावर तो केक, ताठ पाकळ्यांचा, आणि टेलरबाई तुकडा उचलून भिंगरीच्या तोंडाजवळ नेत होत्या. भिंगरीने आ केला होता.

“थांबा!”

नुसत्या ओरडण्याने भागेल असं मला वाटलं नाही. मी हात मारला. तुकडा उडून भिंगरीच्या फ्रॉकवर पडला, क्रीम तिच्या मनगटावर आणि बोटांवर.  मग भिंगरीने, कुठल्याही पोराने केलं असतं तेच केलं. बोट चाटायला तोंडाकडे नेलं.

“नको!” धाकटी किंचाळली. “दूध आहे त्यात!”

 टेलरबाईंनी लेकीचं मनगट धरलं, तिला उचललं आणि मोरीत नेलं. पाण्याचा आवाज येत राहिला. साबण, पाणी, पुन्हा साबण. टोपीवाल्या मामाने पोरांना बाल्कनीत पिटाळलं. मी आणि धाकटी खोलीच्या मधोमध उभ्या. बसा म्हणायला कुणी नव्हतं आणि बसायची आमची हिंमतही नव्हती.

बाई लेकीला घेऊन बाहेर आल्या. मनगटावर, जिथे क्रीम लागलं होतं तिथे, लाल गांधी उठल्या होत्या. बाईंच्या एका मुठीत अशा वेळी टोचायला डॉक्टरांनी दिलेलं इंजेक्शन होतं, टोपण काढलेलं. दुसऱ्या हाताने त्यांनी भिंगरीला मांडीवर घेतलं.

“जीभ दाखव. गिळून बघ. टोचतंय का घशात?”

“नाही.”

“श्वास घे. मोठा.”

भिंगरीने घेतला. आम्हीही घेतला. बाई तिच्या छातीकडे बघत होत्या आणि मी बाईंच्या मुठीकडे. भिंतीवरचे फुगे पंख्याने एकमेकांवर घासत होते, तो आवाज मला अजून नको वाटतो. असा किती वेळ गेला कुणास ठाऊक. गांधी वाढल्या नाहीत. मग हळूहळू विरायला लागल्या. भिंगरीने विचारलं, “आई, मी उतरू?” तेव्हा कुठे बाईंनी इंजेक्शनवर टोपण घातलं.

माझा जीव भांड्यात पडला. संपलं, असंच मला वाटलं.

“दूध कुणी घातलं?” बाईंनी विचारलं.

“मी,” धाकटी म्हणाली. “फोटोसाठी. आमचं क्रीम दिव्यांत टिकत नाही म्हणून. बाबांना माहीत नव्हतं. ताईलाही नव्हतं.” ती रडत होती, आणि मघापासून छातीशी धरलेला डबा तिने पुढे केला. “हा तिचा केक. ताईने केलेला. हा खरा आहे.”

“मघाचाही मी खराच म्हणून आणला होता.”

मी पुढे झाले. “मी खाऊन दाखवते. आत्ता, तुमच्या समोर.”

“तुम्ही खाऊन काय कळणार?” बाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. “तुम्हाला दूध चालतं.”

 बाई मला घालूनपाडून बोलल्या असत्या तर मी ऐकून घेतलं असतं, पाया पडले असते. तसं काहीच झालं नाही. त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि कपाट उघडल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा हातात आमच्याच दुकानाची कापडी पिशवी होती. तिच्यात त्यांनी आमची बिस्किटं घातली होती, चॉकलेटची वडी घातली होती, काजूच्या चीजची बरणी घातली होती.

“यात काही नाही हो,” मी म्हटलं. “हे सगळं माझ्या हातचं आहे. शप्पथ.”

“असेल,” त्या म्हणाल्या. “तुम्ही धावत आलात, त्याचे उपकार आहेत. पण आता मला प्रत्येक घासाला भीती वाटणार. आणि ती भीती पोरीला दिसणार.” त्या फ्रिजकडे वळल्या, आइस्क्रीमचा डबाही पिशवीत घातला आणि ती माझ्यापुढे धरली.

भिंगरी बघत होती. पिशवीकडे, मग धाकटीच्या हातातल्या केककडे, मग आईकडे. रडेल असं मला वाटलं. रडली नाही. आतल्या खोलीत पळाली आणि शाळेचा डबा घेऊन आली. त्यात माझी दोन बिस्किटं होती, एक अर्धं खाल्लेलं. तिने ती दोन्ही स्वतःच पिशवीत टाकली.

“काकू, ही पण राहिली होती,” ती मला म्हणाली, आणि हात धुवायला गेली.