दोन रिंगा

मोबाईल दोनदा वाजला आणि गप्प झाला. एनिडने चहाचा कप खाली ठेवला, उठली आणि टीव्ही बंद केला. पडद्यावर केक नुकता भट्टीतून बाहेर येत होता.

"अगं, फुगलाय की नाही ते तरी बघू दे," शेजारच्या कॅरव्हानमधली बेरिल म्हणाली.

"विल्फची रग्बी सुरू झाली."

"ती तिकडे, तुमच्या बॅटलीच्या घरी. मग इथला का बंद?"

"नियम आहे."

इंग्लंडात टीव्ही बघायला सरकारी लायसन्स लागतं. घरच्या टीव्हीचं लायसन्स समुद्रकाठच्या कॅरव्हानलाही, त्या चाकांवरच्या सुट्टीच्या घरालाही चालतं, पण दोन्हीकडचे टीव्ही एकाच वेळी चालू असता कामा नयेत. मेबलथॉर्पच्या त्या तळावर शेकडो कॅरव्हान होत्या आणि हा नियम पाळणारी एकटी एनिड, तीही नाइलाजाने. नवऱ्याने, विल्फने, तशा फॉर्मवर सही केली होती ना! एकतीस वर्षं बसमध्ये तिकिटं तपासलेला माणूस तो. एकदा त्याने सख्ख्या सासूला पावसात बसमधून उतरवलं होतं. एनिडच्या छातीला समुद्राची हवा मानवते म्हणून ती उन्हाळाभर इथे, आणि विल्फचा जीव बागेत प्रदर्शनासाठी वाढवलेल्या कांद्यांत अडकलेला म्हणून तो घरी. दोन रिंगा आल्या की त्याने टीव्ही लावला, हिने बंद करायचा. पुन्हा दोन रिंगा आल्या की त्याचा बंद झाला, आता हिने लावायचा. चार उन्हाळे हाच वैताग चालला होता.

"त्याला रेकॉर्ड करून ठेव म्हणावं," बेरिल म्हणाली.

"म्हटलं ना. तर म्हणे, रेकॉर्ड करणं म्हणजेही बघणंच. वर नियमांच्या पुस्तकातला पान नंबर सांगितला मला."

"मग गुपचूप लाव. कोण बघायला येतंय इथे?"

एनिडने एकदा लावला होता. पडदे ओढून, आवाज बारीक करून. सगळा वेळ चोरासारखं वाटत राहिलं, आणि संध्याकाळी विल्फ फोनवर म्हणाला, "थँक यू हं, सामना छान झाला." तो खेकसणारा असता तर तिने रोज लावला असता. पण त्याला संशयसुद्धा येत नसे आणि तेच तिला छळायचं.

आज मात्र तिला तडजोड नको होती. साडेसहाला, रग्बीच्याच चॅनेलवर, नाचाच्या स्पर्धेची अंतिम फेरी होती. त्यात हल शहरातला एक जाडा पोस्टमन होता, आणि बारा आठवडे तिने त्याच्यासाठी देव पाण्यात घातले होते. सकाळीच तिने विल्फला फोनवर बजावलं होतं.

"अगं बाई, सामना पाचला संपतो," तो म्हणाला होता. "पाच वाजून पाचला रिंग देतो. मी कधी चुकलोय?"

पाच वाजले. सव्वापाच झाले. सहाही वाजून गेले. मोबाईल टेबलावर पालथा पडून होता.

"कांद्यांकडे गेला असणार," एनिड म्हणाली. "टीव्ही तसाच बोंबलत ठेवून. मला नियम शिकवतो आणि स्वतः बघ."

तिने फोन लावला. नुसता वाजत राहिला. पुन्हा लावला.

"माझ्याकडे चल ना, तिथे बघू," बेरिल म्हणाली.

"मुळीच नाही. मी माझ्या टीव्हीवर बघणार, आणि आधी त्याला चांगला फैलावर घेणार."

साडेसहा वाजले. समोर काळा पडदा आणि त्यात तिचं स्वतःचंच तोंड. शेवटी तिने घराशेजारच्या स्टॅन्लीला फोन केला. त्याच्याकडे किल्ली असे.

"आत जा आणि तो टीव्ही बंद कर," ती म्हणाली. "तो सापडला तर सांग, एनिड भयंकर चिडलीय. हेच शब्द सांग."

दहा मिनिटांनी मोबाईल वाजला. घरचाच नंबर. दोन रिंगा झाल्या, तीन झाल्या, तरी वाजतच राहिला.

"एनिड, स्टॅन्ली बोलतोय. बसलीयस का तू?"

त्याच्या मागे बँड वाजत होता. टाळ्या पडत होत्या. कोणीतरी पोस्टमनचं नाव पुकारलं.

"खुर्चीत आहे तो," स्टॅन्ली म्हणाला. "मी हात लावून पाहिला. गार पडलाय गं. दुपारीच गेला असणार. मांडीवरचा सँडविच तसाच आहे."

बेरिलने तिचा दंड धरला. दीड तास आपण या माणसाला नाही नाही ते बोलत होतो, एवढंच एनिडच्या डोक्यात आलं, आणि तिला स्वतःची लाज वाटली.

"एनिड? मी अँब्युलन्स बोलावतो. हा टीव्ही बंद करू ना?"

तिने समोरच्या काळ्या पडद्याकडे पाहिलं.

"राहू दे," ती म्हणाली. "इथला बंद आहे."