टाकीतला उसासा

"सुस्स्स!"

टाकीचं झाकण फिरलं, उसासा ऐकू आला आणि बागेत जमलेल्या गर्दीचे हात आपोआप जोडले गेले. गवत कापायच्या एवढ्याशा ट्रॅक्टरला कधी असा मान मिळाला नसेल.

"ऐकलंत?" महाराजांनी डोळे गरगरा फिरवले. "बाईनं चाक धरलं की यंत्राचा जीव गुदमरतो. आम्ही टाकीत मंत्र फुंकला, जीव मोकळा झाला. मारा चावी!"

चावी मारली. मेलेलं इंजिन धडधडायला लागलं.

सून बाजूला उभी होती. ट्रॅक्टर चालवायची नोकरी तिला नुकतीच लागली होती; सासरे याच बागेचे मुकादम. रोज अर्ध्या बागेपर्यंत ट्रॅक्टर शहाण्यासारखा चालायचा, मग आचके द्यायचा आणि ठप्प. तिनं पेट्रोलचा काटा पाहिला, प्लग पुसला, फिल्टर बदलला. काही उपयोग नाही. महाराजांनी फुंकर मारली की मात्र स्वारी तयार! आता तिला स्वतःचीच शंका यायला लागली होती. जेवण जात नव्हतं, झोप लागत नव्हती.

आज महाराजांनी निकालच लावला. "उद्यापासून ही या सीटवर नको. आमचा भाचा आहे. हात शुद्ध, शिवाय लायसन्सही आहे."

"मामंजी, तुम्ही तरी बोला!"

"काय बोलू, सूनबाई? सगळ्यांनी डोकं खाल्लंय माझं," सासरे खाली बघत म्हणाले.

"उद्या कशाला? आजच बसवा भाच्याला," गर्दीतून आवाज आला. रोज बागेत फिरायला येणाऱ्या मास्तरीणबाई पुढे झाल्या. "अर्धी बाग राहिलीच आहे."

भाचेबुवा ऐटीत बसले. ट्रॅक्टर निघाला, गवत उडालं, लोक खूश. आणि दूरच्या बाकाजवळ तेच आचके, तीच शांतता.

"हिची सावली पडली!" महाराज ओरडले.

"बरं. मग म्हणा मंत्र," मास्तरीणबाई म्हणाल्या. "फक्त झाकण उघडायचं नाही."

महाराज घसा बसेपर्यंत पुटपुटले. चावी फिरवून भाच्याचं मनगट दुखायला लागलं. इंजिन हूं की चूं करेना.

"आता तू ये गं. झाकण उघड आणि सातचा पाढा म्हण."

सुनेनं झाकण फिरवलं. सुस्स्स! "सात एके सात, सात दुणे चौदा..." एकवीसपर्यंत पोचली आणि तिनं चावी मारली. इंजिन सुरू!

गर्दीत कुणीतरी खो खो हसलं.

"हा जीव बिव काही नाही," मास्तरीणबाई म्हणाल्या. "बाटलीला तोंड लावून पाणी ओढलं की बाटली आत दबते ना? पेट्रोल खाली जातं, तेवढी हवा टाकीत यायला हवी. ती आली नाही तर पेट्रोल उतरत नाही. झाकण उघडलं की हवा आत घुसते. तिचाच हा आवाज."

"पण हवेसाठी झाकणाला भोक असतं," सून झाकण फिरवून बघत म्हणाली. "ते कुठंय?"

भोकावर हिरव्यागार रंगाचा जाड थर होता. सासऱ्यांचा चेहरा पडला.

"तू पहिल्यांदा बसणार म्हणून मीच रंगवला गं ट्रॅक्टर. हौसेनं. झाकणसुद्धा सोडलं नाही."

महाराजांना तेवढ्यात दुसरीकडचं बोलावणं आठवलं. भाचाही त्यांच्यामागे पसार झाला.

सुनेला रडू नाही, राग आला. "रंगाचं काही नाही, मामंजी. पण तुम्हीसुद्धा माझ्यातच खोट बघितलीत!"

सासऱ्यांनी तिच्याकडून झाकण घेतलं. गर्दीसमोर गवतात मांडी घातली आणि ते टाचणीनं भोकातला रंग टोकरायला लागले.

"आणि उद्या दुसरंच काही बिघडलं तर?" तिनं विचारलं.

"बिघडणारच. यंत्र आहे ते. नळी बघू, तार बघू, कळलं नाही तर जाणत्याला विचारू." त्यांनी झाकण तिच्या हातात दिलं. "आणि मी पुन्हा तुझ्याकडे बोट दाखवलं ना, तर तेच बोट धरून मला घरी नेऊन बसव."