करंगळीचा भाव

तिसावा फॉर्म झाला तर कार्डवाल्या बाईंच्या पदरात पडणार होतं ते असं: कायमची नोकरी, एक तारखेला पगार, आजारी पडायची परवानगी आणि बसायला खुर्ची. शेवटची बाब किरकोळ वाटेल, पण सरकत्या जिन्याशेजारी सहा वर्षं उभं राहून क्रेडिट कार्डं विकणाऱ्या बाईला विचारा. कंत्राटी माणसाला स्टॉलवर खुर्ची देत नाहीत. बसलेल्या माणसाकडून कोणी कार्ड घेत नाही, असं बँकेत कुणीतरी बसून मोजलंय.

एकोणतीस झाले होते. महिन्याचा शेवटचा दिवस, दुपारचे दोन.

बाईंच्या शेजारी हिरॉईन उभी असे. पुठ्ठ्याची, पण पुऱ्या उंचीची, हातात कार्ड धरून हसणारी. खरं तर हिरॉईनचं नुसतं डोकं. तिने बँकेला दिलेल्या वेळात चेहऱ्याचेच फोटो उरकले; बाकी अंगाचा दर वेगळा होता. मग पाच वर्षांपूर्वी साहेबांनी ऑफिसातल्याच एका मापात बसणाऱ्या कंत्राटी बाईला उसना कोट चढवला, हातात कार्ड दिलं, फोटो काढला आणि वर हिरॉईनचं डोकं बसवलं. मोबदला एका दिवसाचा जादा पगार आणि एक थंडगार बाटली. ती बाई म्हणजे याच बाई.

म्हणजे पाच वर्षं त्या स्वतःच्याच धडाशेजारी उभ्या होत्या. घरी हे बोलल्या नव्हत्या. सांगून काय, डोकं तर दुसरीचं. लोक येत, पुठ्ठ्याच्या कमरेत हात घालत आणि बाईंना म्हणत, "जरा बाजूला होता का? फोटोत येताय."

आता करंगळी. बाईंच्या उजव्या हाताची करंगळी लग्नाच्या पहिल्याच वर्षी दारात चेमटली, तेव्हापासून वाकत नाही. फोटोतही ती कार्डापासून फटकून ताठ उभी राहिली. लोकांना वाटलं, हिरॉईनची अदा. पोरीबाळी सेल्फीत करंगळ्या ताठ करू लागल्या. हे बघून हिरॉईनही करू लागली. आणि यंदा करार नवा करायची वेळ आली तेव्हा तिच्या मॅनेजरने अदेचे पैसे वेगळे लावले. बँकेने हात जोडून नको म्हटलं.

तेच सांगायला दोन वाजता साहेबांचा फोन आला.

"मॅडम, सहा वाजता करार संपतोय," साहेब म्हणाले. यांना पाठीमागे सगळे 'टार्गेट' म्हणत. "पुठ्ठा गळ्यापाशी कापून फोटो पाठवायचा. तिच्या चेहऱ्याचे फॉर्म सहानंतर बाद. उद्यापासून एक खेळाडू येतोय."

"आणि मी?"

"कायम असलेल्यांना ठेवतील. तीस म्हणजे तीस, मॅडम. एकोणतीसला शून्यच म्हणतात."

त्यानंतर बाईंचा पाय एका जागी ठरेना. जिन्यापर्यंत जात, परत येत. पेनाचं टोपण काढत, लावत. फ्रीज बघायला आलेल्या जोडप्याच्या मागे पार दुकानाच्या दारापर्यंत गेल्या.

"घेऊ नंतर," नवरा म्हणाला.

"सहाच्या आत येणारं नंतर का?" बाईंनी विचारलं, तर बायकोने पर्स दुसऱ्या खांद्यावर घेतली. एका गृहस्थाने सगळी माहिती मन लावून ऐकली, दोन शंका विचारल्या आणि शेवटी सांगितलं की आपण दुसऱ्या बँकेत हेच काम करतो.

साडेचारला जिन्यावरून सासूबाई उतरल्या.

"दोन्ही किल्ल्या घेऊन आलीस," त्या म्हणाल्या. "मी काय खिडकीतून शिरू?"

"आई, फोन करायचा ना."

"फोन घरात आहे. घराला कुलूप आहे." त्यांनी हात पुढे केला आणि तो तसाच राहिला. त्या पुठ्ठ्याकडे बघत होत्या. "ही कोण?"

"हिरॉईन आहे, आई. जाहिरातीतली."

"तोंड नाही विचारत. हात कुणाचा?"

बाईंनी उजवा हात पाठीमागे नेला. फोटो काढायला थांबलेल्या एका मुलीने मदत केली. "आजी, ती करंगळी म्हणजे तिची स्टाइल आहे."

"स्टाइल," सासूबाई म्हणाल्या. "ते दार मी आपटलं होतं."

मुलगी फोटो न काढताच सटकली. बाईंच्या हातातलं टोपण खाली पडलं. बावीस वर्षं घरात त्या दाराचा दोष वाऱ्याकडे होता. दवाखान्यात वारा, माहेरी वारा, नवऱ्यालाही वाराच सांगितलेला. बाईंनीही कधी उलटून विचारलं नव्हतं की कडी आतून लावायला वाऱ्याला हात कुठून आले.

"तू अशी भिरभिरतेस का?" सासूबाईंनीच विषय बदलला. बाईंनी सांगितलं: सहा वाजता, तीस, खुर्ची.

"किती कमी पडतायत?"

"एक."

"मला मिळतं का?"

"पेन्शन आहे, मिळतं. पण तुम्ही शेजारणीकडून विरजणही उसनं आणत नाही, आणि हे उधारीचं कार्ड घेणार? वर्षाची फीच तुमच्या निम्म्या पेन्शनएवढी आहे. शिवाय नातेवाइकांचे फॉर्म धरत नाहीत."

"पेन दे."

टार्गेटसाहेब कात्री घेऊन आले तेव्हा सहाला पंचवीस कमी होते. त्यांनी फॉर्म वाचला. आडनाव वाचलं. पत्ता दोनदा वाचला.

"या तुमच्या कोण, मॅडम?"

"दारात ओळख झाली आमची," सासूबाई म्हणाल्या.

"पत्ता एकच दिसतोय."

"इमारत मोठी आहे."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. आता त्यांचं गणित: हाताखालची एक बाई यंदा कायम झाली की त्यांची आठ दिवसांची सहल पक्की, आणि बाकीच्या सगळ्या विसाबाविसावर अडकलेल्या. त्यांनी नात्याच्या रकान्यात आपल्या हाताने रेघ मारली आणि पावणेसहाला फॉर्म पाठवून दिला.

मग कात्री पुढे केली. बाईंचा हात चालेना, म्हणून सासूबाईंनी पुठ्ठा दोन्ही हातांनी धरला. "गळ्यापाशीच," त्या म्हणाल्या. "खाली येऊ नकोस." डोकं फोटो काढून कचऱ्यात गेलं. धडाचं काय करायचं ते नियमात नव्हतं. साहेब ते मोडायला लागले तसं सासूबाईंनी काखोटीला मारलं आणि निघाल्या. किल्ली विसरल्या. बाईंना मागे धावावं लागलं.

जमाखर्च असा झाला. हिरॉईनला पाच वर्षांचे ठरलेले पैसे पोचले होतेच. करंगळीसकट ती दुसऱ्या बँकेकडे गेली. साहेब आठ दिवस फिरून आले. बाईंना खुर्ची मिळाली. पहिला आठवडाभर त्या दर पाच मिनिटांनी उठत होत्या. सासूबाईंनी कार्ड पाकिटातून बाहेरही काढलं नाही. फीचं बिल आलं तेव्हा बाई पैसे घेऊन गेल्या, तर त्या म्हणाल्या, "राहू दे. हे माझ्याकडे लागतं."

फी सासूबाईंनी भरली. वर्षानंतर कार्ड बंद करता येतं हे बाईंनी तीनदा सांगूनही, दुसऱ्या वर्षाचीही.