वीणा गळ्यात असेपर्यंत

आमच्या किन्हीराजा गावच्या सप्ताहात सात दिवस वीणा जमिनीला टेकत नाही. दोन-दोन तासांचे पहारे असतात. ज्याच्या गळ्यात वीणा, त्याला कोणी हात धरून हलवायचं नाही. पुढचा येतो, आधी त्याच्या पाया पडतो, मग वीणा घेतो. पांडुरंगच उभा असतो म्हणा ना तिथं!

दुपारी बारा ते दोन माझ्या पुतणीचा, वैभवीचा पहारा. दोन ते चार माझ्या सासऱ्यांचा, जगदेवरावांचा; मी त्यांना मामाजी म्हणते.

भांडण सकाळचं. वैभवीनं स्वतःची एक भाषा रचली आहे. दोन वर्षांपासून जाड वहीत लिहिते. दहावीच्या सराव परीक्षेत गणित गेलं, अन् मामाजींनी ती वहीच काखेत मारली.

"संध्याकाळी चुलीत घालतो. जे कोणीच बोलत नाही, ते कायले लिहून राह्यली?"

"मी बोलतो न, आबा."

मला तिनं सगळं समजावलं होतं. 'लुनी' म्हणजे गायलं, झालं, संपलं. 'लुनेरू' म्हणजे गायलं, अन् अजून गाणं चालूच आहे. हा तिचा 'चालू काळ', घरभर सांगत फिरायची; तो तिनं कीर्तनातून उचलला. बुवा रंगले की द्रौपदी हाक मारते, देव धावतो; धावला होता असं कोण म्हणतं? मी तर डोळे पुसतच ऐकते. ती वही चुलीत? जिवाला लागलं, पण मामाजींपुढे तोंड उघडलं नाही.

दोन वाजता मामाजी पाय धुऊन देवळात आले. वही काखेतच, घरी ठेवली तर मी लपवीन, हा संशय. नातीच्या पाया पडले, हात पुढे केले.

वैभवी हलली नाही. "वही काकूले द्या. मंग वीणा."

"हे देवाचं काम आहे, पोरी."

"म्हणूनच उभी आहो."

टाळ थांबले. मृदंगावरचे धनसिंगभाऊ म्हणाले, "जगदेवराव, वीणा ओढता येत नाही बरं!" बायका खुदकन हसल्या.

अडीच झाले. ती एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकू लागली. मी उठले, तिला पाणी पाजलं आणि शेजारीच उभी राहिले.

"मामाजी, मीबी इथून हलत नाही."

लग्नाच्या सोळा वर्षांत पहिल्यांदा त्यांच्यापुढे बोलले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "अन् गणित?"

"करीन. रोज दोन तास. पण वही ठेवून करीन."

तीनच्या सुमारास वही माझ्या हातात आली. मामाजी पुन्हा वाकले. वीणा गळ्यात घालताना पुटपुटले, "तुह्या त्या चालू काळात 'आबा चुकले' कसं म्हणतात?"

"त्यात नका म्हणू, आबा. तुमी अजून चुकूनच राह्यले, असं होते. संपलेल्यात म्हणा."

मामाजींनी तार छेडली. टाळ पुन्हा सुरू झाले.

वही मी पदराखाली घेतली नाही. भर गावातून, छातीशी धरून, सगळ्यांना दिसेल अशी घरी आणली.