गळाला लावलेली पोर

डॉक्टरांनी कागदावर चार ओळी लिहून दिल्या आणि वुर्यानीने त्यांचा चाळीस ओळींचा नेम करून टाकला. तिचा स्वभावच तसा. सहा किलो वजन उतरवा म्हटलं तर तिने आठ उतरवलं. अर्धा तास चाला म्हटलं तर पहाटेच्या बांगेबरोबर उठून ती भातखाचरांच्या बांधावरून तासभर पायपीट करायची. गोळी एक दिवस चुकली नाही. नवऱ्याला, तेगुहला, तिने लवंगांच्या सिगारेटी सोडायला लावल्या, आणि तो बिचारा पहिले पंधरा दिवस तोंडात नुसती काडी धरून ओसरीवर बसून राहिला.

सगळ्यात अवघड होतं ते काढे सोडणं. "घोटभरसुद्धा नको, चव बघायलाही नको," डॉक्टरांनी बजावलं होतं. वुर्यानी क्लातेन गावच्या बाजारात हळद-चिंचेचे, आल्याचे काढे विकायची. चव बघितल्याशिवाय तिचं पातेलं कधी चुलीवरून उतरलं नव्हतं. सुनांना दिवस राहावेत म्हणून बायका तिच्याकडूनच बाटल्या भरून न्यायच्या आणि तिची पाठ वळली की म्हणायच्या, "दिव्याखाली अंधार, बाई!" बारा वर्षं तिने हे ऐकून घेतलं होतं. आता अडतिसावं चालू होतं, सोलो शहरातल्या दवाखान्यात टेस्ट-ट्यूब बाळाचा प्रयत्न एकदाच करायचा असं नवरा-बायकोचं ठरलं होतं, आणि त्या एका प्रयत्नात आपल्याकडून काही कमी पडलं असं व्हायला नको होतं.

घरात पोर नव्हती असं मात्र नाही. सहा वर्षांची किनांती होती. ती वुर्यानीच्या नणंदेची, एंदाची, तिसरी मुलगी. गळाला मासा लागतो तसं मुलाला मूल लागतं. परकं मूल घरात रांगलं, खेळलं, की त्याच्या ओढीने आपलं पोटात येतं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. म्हणून एंदाने दोन वर्षांची किनांती भावाच्या घरी आणून सोडली होती. कागद नाही, पत्र नाही, फक्त शब्द. चार वर्षांत मासा काही लागला नाही. गळाची पोर मात्र घरभर झाली. वुर्यानीला आई म्हणायची, तिच्यावर हुकूम सोडायची, "आई, तुझी वेणी वाकडी झालीय, बस खाली," असं म्हणून तिला बसवायची, आणि रात्री तिच्या पोटावर पाय टाकल्याशिवाय झोपायची नाही.

दवाखान्यातल्या नर्सने एकदा सांगितलं, "शरीराइतकंच मन तयार हवं. ताण नको. जमेल तेवढं शांत राहा."

घरी आल्यावर हे ऐकताच वुर्यानीची सासू सार्पी खुर्ची ओढून पुढे सरकली. "ताण म्हणजे काय गं सूनबाई? तीच की. दिवसभर आई हे, आई ते. रात्री पोटावर लाथा. अशा पोटात कोण राहायला येईल?"

"लहान आहे हो."

"लहान आहे म्हणूनच म्हणते. आणि चार वर्षांत हिच्याने काही झालंय? ज्या गळाला मासा लागत नाही, तो गुंडाळून ठेवावा. तीन महिने जाऊ दे एंदाकडे. तुझं झालं की आण परत."

तेगुह पुटपुटला, "पोर आहे ती, छत्री नव्हे. आज दिली, उद्या आणली."

"तू गप रे. सिगारेट सुटली तर जीभ सुटली तुझी."

खरं सांगायचं तर वुर्यानीच्या मनात ते सासूच्या आधीच येऊन बसलं होतं. बारा वर्षं ज्याची वाट पाहिली ते आता हाताशी आलंय असं वाटलं की माणूस आंधळा होतो. तिने किनांतीचे कपडे पिशवीत भरले आणि म्हणाली, "थोडे दिवस आईकडे राहा हं."

किनांतीने विचारलं, "कुठल्या आईकडे?"

वुर्यानीने पिशवीचे बंद दोनदा बांधले.

मग घर शांत झालं. कुणी वेणीला नावं ठेवेना, कुणी चिंच चोरेना. वुर्यानी वेळेवर जेवत होती, वेळेवर झोपत होती, आणि झोप लागत नसली तरी डोळे मिटून पडत होती, कारण तसं सांगितलं होतं. पोरीला भेटायलाही ती गेली नाही. भेटलं की रडू येईल, रडलं की ताण होईल, असा तिचा हिशेब होता. नेम कसा पाळावा हे वुर्यानीकडून शिकावं.

तीन महिन्यांनी तपासणी झाली. डॉक्टर खूश होते. सोमवारी पहिलं इंजेक्शन द्यायचं ठरलं. नर्स म्हणाली, "तुमच्याइतकी तयारी करून कुणी येत नाही बघा."

वुर्यानीला बरं वाटलं. ती कौतुकाच्या भरात म्हणाली, "घरातली मुलगीसुद्धा तीन महिने नणंदेकडे ठेवली. ताण नको म्हणून."

नर्सचा हात थांबला. "मुलगी? कागदावर मूल नाही असं आहे."

"म्हणजे माझी नाही. नणंदेची. आमच्याकडेच वाढलीय."

"अहो, मग पाठवली कशाला? आम्ही असं कधी सांगितलं?" नर्सचा आवाज मऊ झाला. "तिला जवळ घेऊन झोपला असतात तर उलट बरंच होतं, ताई."

वुर्यानी तिथून घरी गेली नाही. बस धरून थेट बोयोलालीला एंदाच्या दारात उभी राहिली. एंदा गायीला चारा घालत होती. वुर्यानीने दम न घेता सांगितलं, "किनांतीला न्यायला आलेय."

एंदाने चाऱ्याचा भारा खाली ठेवला. "नाही वहिनी."

"तीन महिन्यांचंच बोलणं होतं."

"तुमचं होतं. माझं नव्हतं." एंदा चिडली नव्हती. "पोटची पोर मला आत्या म्हणायची, वहिनी. दादाचं घर भरावं म्हणून गिळलं मी. चार वर्षांत कधी मागायला आले का? तुम्हीच आणून घातलीत. पहिले आठ दिवस ती दारात बसून होती. रस्त्याकडे बघत. जेवेना. तुम्ही एकदा तरी आलात? आता कुठं ती मला आई म्हणायला लागलीय. तिला पुन्हा उपटायची नाही. तुम्हाला देव देवो, मी रोज दुआ मागते. पण ही नाही."

एंदाचं अक्षर न् अक्षर खरं होतं.

तेवढ्यात किनांती शाळेतून आली. दारातच थबकली. मग पुढे येऊन तिने वुर्यानीचा हात कपाळाला लावला, घरी येणाऱ्या पाहुण्यांचा लावतात तसा.

"मामी, बसा ना. पाणी आणू तुम्हाला?"

एंदा मान वळवून आत गेली. दोघी ओसरीवर बसल्या. पोर जरा उंच झाली होती. वेणी एंदाने घातली होती, चापूनचोपून.

"मामी, बाळ आलं?"

"नाही अजून."

"मग दुसरी आणलीत?"

"दुसरी काय गं?"

"दुसरी मुलगी. माझ्याच्याने नाही ना आलं. आजी सांगत होती." खेळात आपण बाद झालो हे सांगावं तसं तिने सांगितलं. त्यात तक्रार नव्हती.

वुर्यानीला ओरडून सांगायचं होतं की तू आलीस तेव्हाच सगळं आलं होतं, मीच करंटी, मला दिसलं नाही. पण हे सांगून आता त्या पोरीचं काय भलं होणार होतं?

किनांती थोडी सरकून जवळ आली आणि आईला ऐकू जाऊ नये म्हणून हळू आवाजात म्हणाली, "ती आली ना, की मोरीतला दिवा चालू ठेवा रात्री. पहिल्यांदा खूप भीती वाटते तिथं. मी लहान होते, मला सांगता येत नव्हतं."

आतून एंदाने जेवायला हाक मारली. किनांती उठली, दोन पावलं गेली आणि वळली.

"ठेवाल ना?"

"ठेवीन," वुर्यानी म्हणाली.